हौसेचा अनुशेष

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडून स्थानिक सुट्टी जाहीर होते. पंचांग तिला दर्शवेळा अमावस्या म्हणते, गावाकडे ती येळवस असते. त्या दिवशी सकाळी लातूरच्या एखाद्या एरवी गजबजलेल्या चौकात उभ्या राहिलेल्या परगावच्या माणसाला इथे संचारबंदी लागली आहे की काय अशी शंका यावी, इतके शहर रिकामे असते. दुकाने बंद, रिक्षा नाहीत, आणि माणसे आपल्या नाहीतर दुसऱ्या कोणाच्या शेतात. सरकारी सुट्ट्या सहसा थोरांच्या जयंत्यांसाठी आणि मोठ्या सणांसाठी राखलेल्या असतात. लोकांना डबे-मडकी घेऊन रानात जेवायला जाता यावे म्हणून प्रशासनाने कचेऱ्यांना कुलूप लावावे, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. सुट्टी अर्थातच सणाची आहे, हे मला ठाऊक आहे. पण या सणात पूजेला लागणारा वेळ आणि जेवणाला लागणारा वेळ यांची तुलना ज्याने केली असेल, त्याला माझे म्हणणे पटेल. माणसाला मोकळ्या हवेत, आपल्या माणसांच्या पंगतीत, निवांत बसून जेवायला मिळाले पाहिजे आणि त्यासाठी सार्वजनिक व्यवस्थेनेही थोडे हलले पाहिजे, याची ती कबुली आहे. तक्रार एवढीच की ही कबुली आपण वर्षातून एकदा देतो आणि उरलेल्या वर्षभर विसरून जातो.

येळवशीच्या जेवणाचा तपशील देण्याचा मोह आवरत नाही, आणि या विषयात तो आवरूही नये. थंडीच्या त्या दिवसांत रानात जे जे ओले असते ते भज्जीत जाते: तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे, वालाच्या शेंगा, गाजर, वांगे, कांद्याची पात, मेथी-चाकवतासारख्या पालेभाज्या, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारे डाळीचे पीठ व चिंचेचा कोळ. तिच्या जोडीला ज्वारीचे उंडे, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर, आणि ताकात शिजवून मडक्यात गार केलेली ज्वारीची आंबील. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली असते. आत चुन्याने रंगवलेले दगडांचे पांडव मांडतात, त्यांची पूजा होते, पिकात आंबील शिंपडत शेताला फेरी घालतात आणि मग पंगत बसते. कोण ओळखीचा आणि कोण वाटेवरून चाललेला, याची फारशी चौकशी होत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर भज्जी खरी लागते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, शिळी आणि घट्ट झालेली. यावर आमच्या घरात दोन तट आहेत आणि ते मिटण्याची चिन्हे नाहीत.

या आनंदाला काय लागते, याचा हिशेब मांडला तर त्यात पैसा फार थोडा दिसतो. जिन्नस बहुतेक रानातला आणि घरातला. पण तीन गोष्टी मात्र अशा लागतात की त्या एकट्या माणसाला, तो कितीही कमावता असला तरी, सहजासहजी विकत घेता येत नाहीत. एक, सगळ्यांना एकाच दिवशी मिळालेली सुट्टी. एकट्याच्या रजेत पंगत होत नाही. दुसरी, बसायला सावलीची मोकळी जागा. तिसरी, तिथवर जाण्या-येण्याची सोय. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला अभिप्रेत असते की हौशी माणूस किमतीकडे पाहत नाही. मला त्या म्हणीचा दुसराही अर्थ दिसतो: जी हौस सर्वांना परवडावी, तिची किंमत कोणा एकाने मोजून भागत नाही, ती गावाने मिळून मोजावी लागते.

मराठवाड्याला मागण्या मांडण्याचा दांडगा सराव आहे. प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालाने ‘अनुशेष’, म्हणजे विकासाची मागे राहिलेली बाकी, हा शब्द आपल्या तोंडी रुळवला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, २०१३ मध्ये त्याच विषयावरचा केळकर समितीचा अहवाल आला, आणि दर वर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य यांची उजळणी होते. त्यांतली एकही मागणी खोटी नाही. परंतु इतक्या वर्षांच्या या कैफियतीत लोकांना संध्याकाळी बसायला जागा नाही, म्हाताऱ्यांना फिरायला वाट नाही, तालुक्याच्या गावातल्या कुटुंबाला रविवारी मुलांना घेऊन जाण्यासारखे एखाद्या देवळाखेरीज आणि हॉटेलाखेरीज काही नाही, ही तक्रार कोणी गांभीर्याने मांडल्याचे मला आठवत नाही. आपण स्वतःकडे केवळ टंचाईच्या चष्म्यातून पाहायला शिकलो आहोत. बाहेरच्यांनी आपल्याला दुष्काळी म्हटले की राग येतो. पण मागणी लिहायला बसलो की आपणही स्वतःला एक तहानलेले तोंड आणि दोन राबते हात एवढेच समजतो.

यावरचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो हलका नाही. ज्या लातुरात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, जिथे त्याआधीच्या महिन्यात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावली गेली, त्या प्रदेशात बागा आणि सहली यांच्या गोष्टी करणे म्हणजे चेष्टा नव्हे काय? आधी पाणी, मग बाग. ऐकायला हे निरुत्तर करणारे आहे. तरी मला त्यात एक घसरण दिसते. ‘आधी’ आणि ‘मग’ अशी मांडणी केली की ‘मग’ची पाळी कधीच येत नाही, पाण्याचा प्रश्न पुढच्या पिढीकडे जातो आणि त्याच्या पाठोपाठ बागेचाही. शिवाय पाणी आणि मौज ही दोन वेगळ्या खात्यांची कामे आहेत, हे गृहीतच मुळी अलीकडचे आहे.

नळदुर्गच्या किल्ल्यात जाऊन पाहावे. बोरी नदी अडवून बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, पाणीमहाल उभा राहिला. बंधाऱ्याचे काम पाणी अडवण्याचे, किल्ल्याच्या संरक्षणाला हातभार लावण्याचे. पण बांधणाऱ्यांनी त्या भिंतीतच खोल्या काढल्या, आणि नदी भरून सांडव्यांवरून कोसळू लागली की आत बसलेल्या माणसाला पाण्याचा पडदा समोर दिसावा आणि अंगावर मात्र थेंब येऊ नये, अशी योजना केली. त्या दोन सांडव्यांना लोकांनी नर आणि मादी अशी नावे देऊन टाकली, आणि पावसाळ्यात ते वाहू लागल्याची बातमी आली की आजही सोलापूरपासून उमरग्यापर्यंतची कुटुंबे भाकरी बांधून निघतात. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीचेही तेच. डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेल्या पाण्यावर दळणाचे जाते फिरत असे आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ निघत असे. तेच पाणी हौदात पडते, आणि त्या हौदाच्या काठी वडाच्या सावलीत बसलेल्या माणसाला उन्हाळ्यातही क्षणभर गार वाटते. हे राजे-रजवाड्यांचे आणि दरग्यांचे काम होते, त्यात सामान्यांचा किती विचार होता हा वादाचा विषय आहे. पण एक गोष्ट वादातीत आहे: पाण्यासारख्या दुर्मिळ वस्तूची सोय करताना त्या सोयीतूनच डोळ्यांना आणि मनाला काही मिळावे, एवढी कल्पकता याच कोरड्या प्रदेशात होती. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पुरे झाले, तेव्हाही ही दृष्टी पुरती गेलेली नव्हती. धरणाच्या पायथ्याशी पैठणला ज्ञानेश्वर उद्यान करण्यात आले, आणि मराठवाड्यातल्या शाळांच्या किती सहली तिथल्या कारंज्यांपाशी थांबल्या याची गणती नाही. त्या उद्यानाचे वैभवाचे दिवस सरले, हे मात्र तिथे अलीकडे गेलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आणि आजचा पाझर तलाव? त्याच्या भरावावर वेडी बाभूळ माजलेली, पाण्यापर्यंत उतरायला चार पायऱ्या नाहीत, बसायला एक ओटा नाही. भरावाच्या पायथ्याला चिंच, कडुनिंब, वड यांची रांग लावायला काय खर्च येतो? ही झाडे दोन-तीन उन्हाळे जगवली की पुढे आपली आपण जगतात. पाणी पिणारी हिरवळ आणि रंगीत कारंजी यांनाच बाग म्हणायचे, असे ठरवून टाकले की दुष्काळी भागात बाग हा गुन्हा ठरणारच.

शहरांची कथा निराळी आहे, कारण तिथे जागा कागदावर तरी असते. नवा लेआउट मंजूर करून घेताना ठराविक क्षेत्राच्या पुढे साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडण्याचा नियम आहे, आणि आपल्याकडच्या कोणत्याही कॉलनीत ‘ओपन स्पेस’ हा शब्द शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. त्या जागेचे पुढे काय होते, तेही सगळ्यांना ठाऊक असते. आधी तिथे कोणाची तरी विटांची थप्पी पडते, मग एका कोपऱ्यात एक छोटे मंदिर येते, त्याच्या मागोमाग सभामंडप येतो, सभामंडपाला कुंपण येते, आणि कुंपणाला कुलूप. आमच्या कॉलनीत हे सारे आठ वर्षांत पार पडले. मंदिराला माझा विरोध नाही, मीही तिथे जातो. पण देवाचे निमित्त सांगितल्याशिवाय चार माणसांनी एकत्र बसणे आपल्याला अजून समर्थनीय वाटत नाही, हे त्यातून दिसते. जी जागा कशासाठीच नाही, केवळ बसण्यासाठी, पोरांनी धावण्यासाठी आहे, ती आपल्याला वाया गेलेली वाटते.

हौसेकडे पाहण्याची ही संशयी नजर सर्वांत स्पष्ट दिसली ती एसटीच्या सवलतीच्या वेळी. १७ मार्च २०२३ पासून राज्यातल्या महिलांना एसटीच्या प्रवासात निम्मे तिकीट झाले. त्याआधी, २६ ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य झाला होता. तेव्हापासून बसस्थानकांवर, पारावर आणि विशेषतः चांगल्या पगारदारांच्या बैठकीत एक वाक्य सतत ऐकू येते: बायका उगीच फिरायला लागल्या. महामंडळाच्या तिजोरीवर किती भार पडतो आणि त्याची भरपाई शासन वेळेवर करते की नाही, हा आर्थिक प्रश्न आहे आणि तो जरूर विचारावा. पण ‘उगीच’ या शब्दात आर्थिक असे काही नाही. उगीच म्हणजे दवाखाना नाही, कोर्ट नाही, मयत नाही. उगीच म्हणजे तुळजापूरला जाऊन येणे, औंढ्याला जाणे, बहिणीकडे दोन दिवस राहणे, मुलीच्या घरी पापड पोचवणे. माझी एक आत्या सत्तरी ओलांडलेली आहे. आयुष्यभर माहेरी जायला तिला कारण लागत असे, आणि कारण पुरेसे आहे की नाही ते दुसरे कोणीतरी ठरवत असे. आता ती निम्म्या तिकिटावर महिन्यातून एकदा येते. का आलीस असे कोणी विचारले तर म्हणते, ‘आले, वाटलं म्हणून.’ वाटले म्हणून जाता येणे ही पुरुषाला जन्मजात मिळणारी सवलत आहे, तिचे तिकीट किती हे कोणी मोजत नाही. ज्याला स्वतःच्या मोटारीने महाबळेश्वर गाठता येते, त्याने आत्याच्या फेरीला उधळपट्टी म्हणावे, यातला विनोद त्याच्या लक्षात येत नाही एवढेच.

ऋण काढून सण करू नये, हा आपल्याकडचा जुना उपदेश योग्यच आहे. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाची चर्चा निघाली की लग्नातल्या खर्चाकडे बोट दाखवले जाते, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण मला वाटते की वर्षभर लहान हौस भागत नाही म्हणून ती एका दिवसात डीजे, मांडव आणि हजार ताटे यांच्या रूपाने फुटून बाहेर येते. ज्या गावाला येळवशीसारखे चार दिवस असते, संध्याकाळी जमायला एक चांगला पार असता, त्या गावाला लग्नाच्या मांडवात सगळी मिरवणूक उरकून घ्यावी लागली नसती. हे मला सिद्ध करता येणार नाही. आजूबाजूला पाहून बनलेले हे मत आहे.

बाजाराने ही उणीव अर्थातच ओळखली आहे. हुरडा ही पूर्वी विकत घेण्याची वस्तू नव्हती. ज्वारी दाण्यात आली की शेतकरी पाहुण्यांना निरोप धाडी. गोवऱ्यांची आगटी पेटे, कणसे भाजली जात, हातावर चोळून दाणे पुढ्यात पडत आणि सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, गूळ, दही असे. गूळभेंडीचा दाणा चटकन मोकळा होतो, सुरतीचा गोडवा वेगळा, हे ज्वारीच्या वाणांचे वाद त्या आगटीभोवतीच रंगत. आता छत्रपती संभाजीनगरच्या आणि जालन्याच्या आसपास हिवाळ्यात ‘हुरडा पार्टी’चे फलक लागतात, माणशी दर, त्यात बैलगाडीची फेरी, झोका आणि दुपारचे जेवण. शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळत असतील तर नाक मुरडण्याचे कारण नाही, आणि शहरातल्या मुलाला कणीस कसे भाजतात ते पाहायला मिळते हेही वाईट नाही. पण ज्या शेजाऱ्याला कालपर्यंत निरोप येत असे त्याला आता तिकीट आहे. आणि निरोप धाडायला तरी ज्वारी कोणाच्या रानात उरली आहे? सोयाबीनने खरीप व्यापला, रब्बीतही ज्वारीची जागा हरभऱ्याने घेतली. ज्वारीला राखण लागते, पाखरे हाकायला माणूस लागतो, काढणीला मजूर मिळत नाहीत. रेशनवर गहू-तांदूळ आला आणि एकेकाळी गरिबाची म्हणवली गेलेली भाकरी बाजारात कित्येकदा पोळीहून महाग पडू लागली. जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, लातूरच्या पटडी चिंचेला आणि कास्ती कोथिंबिरीला मिळाले, याचा आनंदच आहे. मात्र मानांकनाने नाव राखले जाते. चव राखायची तर ते पीक घेणाऱ्याला परवडले पाहिजे, आणि ते ठरते भावात व खरेदी केंद्रावर. चवीची आवड ही खाजगी बाब आहे असे आपण मानतो, पण माझ्या नातवाला हुरडा आवडेल की नाही हे निम्मे तरी कृषी धोरण ठरवणार आहे.

जुन्याचे गोडवे गाणे हा माझा हेतू नाही, आणि येळवशीचे तर मुळीच नाही. ज्या पंगतीचे वर्णन मी वर चवीने केले, तिच्यासाठी घरातल्या बायका आदल्या रात्रीपासून चुलीपुढे असतात. पुरुषांची येळवस सकाळी सुरू होते आणि बायकांची मध्यरात्री. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे भज्जीचे सोलणे-निवडणे पुरुषांकडे आले आहे. दाणे कमी आणि गप्पा जास्त होतात, तरी सुरुवात म्हणून मी ती मोजतो. ज्यांना शेत नाही, त्यांची येळवस दुसऱ्याच्या बोलावण्यावर अवलंबून असते, आणि बोलावणे जातीच्या वाटेने जाते की नाही, हे प्रत्येक गावाने स्वतःला विचारून पाहावे. सामाईक जागेचा आग्रह मी धरतो तो याचसाठी. तलावाच्या काठी, गावच्या गायरानात, सावलीखाली जेवायला बसण्यासाठी कोणाच्या बोलावण्याची गरज नसते.

तरीही एक मोठा वर्ग या सगळ्या मांडणीच्या बाहेर राहतोच. हुरडा, बोरे, येळवस, गुऱ्हाळावरचा गरम गूळ, म्हणजे मराठवाड्याच्या खाण्या-फिरण्याचा जो हंगाम, नेमका त्याच हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कित्येक गावे निम्मी ओस असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एकच कामकरी, धरला जातो. आमच्याकडे येळवशीला कडब्याची कोप उभारतात, पाहुणे कौतुकाने वाकून आत जातात, मुले तिच्यात लपाछपी खेळतात आणि संध्याकाळी ती मोडते. फडावरच्या माणसालाही कोपीच असते, उसाच्या पाचटाची, पण तो तिच्यात चार-पाच महिने राहतो, आणि मार्गशीर्ष अमावस्येला जेव्हा लातूरचे चौक रिकामे असतात तेव्हा तो पहाटेच्या अंधारात तिच्यातून बाहेर पडून उसात शिरलेला असतो. सुट्टीविषयी बोलायचे तर त्याच्यापासून सुरुवात करायला हवी होती, हे मला लिहिताना कळले. त्या दिवशी तो थांबला, बायकोला म्हणाला की आज आपल्याकडे येळवस, आज आपण बसून जेवू, तर मुकादमाच्या वहीत तो दिवस खाडा म्हणून लिहिला जातो आणि त्याचे पैसे उचलीत चढतात.